आजोबांचा जुना शटरचा टीव्ही स्वतः दुरुस्त करायचा आहे. सुरुवात कुठून करू आणि खर्च किती येईल?

तुम्ही लिहिलंय की आवाज स्वच्छ येतो, पडदा काळाच राहतो, आणि दुकानदार म्हणाला, ‘ट्यूब गेली, आता मिळत नाही.’ (ट्यूब म्हणजे पडद्याची काचेची पिक्चर ट्यूब.) हेच वाक्य मी १९८६ साली आमच्या पुण्याच्या घरात ऐकलं होतं. तेव्हा मी आठवीत होते. म्हणून लिहायला बसले.

आधी एक सांगते. तो सेट आता पुन्हा लावून बघू नका. वर्षानुवर्षं बंद पडलेला टीव्ही ‘चालतो का बघू’ म्हणून प्लगमध्ये खुपसतात आणि धडधाकट एलओटी, म्हणजे पडद्यासाठी उच्च दाबाची वीज बनवणारा ट्रान्सफॉर्मर, जाळून बसतात. खराब कंडेन्सर थोड्या पैशांत बदलता येतो, एलओटी मात्र शोधून सापडत नाही.

आमचा टीव्ही बाबांनी १९७८ मध्ये घेतला. २४ इंची, लाकडी कॅबिनेट, दोन्ही बाजूंनी सरकणारं शटर. आत अर्धे व्हॉल्व्ह (म्हणजे जुन्या काचेच्या नळ्या), अर्धे ट्रान्झिस्टर. मुंबई केंद्राचे कार्यक्रम १९७३ पासून सिंहगडावरून पुण्यात दिसत होते, पण आमच्या वाड्यात टीव्ही आमचा पहिला. तो लावला की आम्ही मुलं पडद्याजवळ हात न्यायचो. हातावरची लव सरसरून उभी राहायची आणि काचेवर बारीक चुरचुर ऐकू यायची. मोठी माणसं ओरडायची, आम्ही पुन्हा न्यायचो.

१९८६ च्या पावसाळ्यात एका संध्याकाळी चित्र आक्रसत गेलं आणि पडदा काळा झाला. बातम्या ऐकू येत होत्या. दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला, मागचं झाकण काढलं, पाच मिनिटं आत बघितलं. मीटर पिशवीतून बाहेरसुद्धा काढला नाही. म्हणाला, ट्यूब गेली. मी तिथेच उभी होते. मी म्हटलं, पण ट्यूबच्या मानेत तांबडा दिवा पेटलाय, आणि काल रात्रीपासून हातावरचे केस उभे राहत नाहीत. दादा म्हणाला, ‘तू मध्ये बोलू नकोस, तुला त्यातलं काय कळतंय?’

मला शब्द माहीत नव्हते, पण बोलत होते ते बरोबर होतं. मानेतला दिवा म्हणजे ट्यूबचा हीटर, आतली तापणारी तार. तो पेटतोय. केस उभे राहतात ते ट्यूबच्या मागच्या पसरट भागावर रबरी टोपीखाली येणाऱ्या विजेच्या उच्च दाबामुळे, त्याला ईएचटी म्हणतात. एवढ्या मोठ्या ब्लॅक अँड व्हाइट सेटमध्ये तो पंधरा हजार व्होल्टच्या वरच असतो. तो दाबच नसेल तर चांगली ट्यूबही काळीच दिसणार. ट्यूब खरंच म्हातारी झाली की लक्षणं वेगळी असतात. चित्र उशिरा येतं, मंद येतं, ब्राइटनेस वाढवला की चेहरे चंदेरी होतात. एका संध्याकाळीत गुल होणारा पडदा बहुतेक वेळा ट्यूबचा दोष नसतो. तुमचा दुकानदार हे तपासून बोलला का, ते आधी विचारा.

दोन वर्षांनी घरात रंगीत टीव्ही आला, जुना पोत्यात गुंडाळून माळ्यावर गेला. बाबा गेले तेव्हाही तो माळ्यावरच होता. त्यांना तो फार प्रिय होता आणि ते अधूनमधून विचारायचे, खरंच काही होणार नाही का त्याचं? याचा मला आजही त्रास होतो.

मी पुढे डिप्लोमा केला आणि भोसरीत एका कारखान्यात टेस्टिंग लाइनवर २१ वर्षं काढली. २०१५ मध्ये नोकरी सोडल्यावर पहिलं काम म्हणजे तो टीव्ही दोन माणसं लावून खाली उतरवला. एकट्याने उचलू नका. ट्यूबच्या आत निर्वात पोकळी असते, आणि तिची मान म्हणजे पातळ काचेची नळी असते. मानेला धरून तर कधीच नाही.

झाकण काढल्यावर मी चार दिवस फक्त फोटो काढले आणि मऊ ब्रशने धूळ झटकली. मग डिस्चार्ज, म्हणजे आत साठलेली वीज रिकामी करणं. प्लग काढलेला, एक हात पाठीमागे. लांब स्क्रूड्रायव्हरला जाड वायर बांधून वायरचं दुसरं टोक ट्यूबच्या काळ्या लेपावरच्या तारेच्या जाळीला जोडायचं, आणि मग स्क्रूड्रायव्हरचं टोक रबरी टोपीखाली सरकवायचं. थोड्या वेळाने पुन्हा एकदा, कारण ट्यूबमध्ये भार परत जमतो. मोठे फिल्टर कंडेन्सर स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करू नका, दहा वॅटच्या रेझिस्टरमधून रिकामे करा आणि मीटर लावून खात्री करा.

असल्या सेटची चेसिस थेट मेन्सला जोडलेली असते. दोन पिनांचा प्लग उलटा बसला की सगळ्या पत्र्यावर फेज. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय (तो सेटला मेन्सपासून वेगळा ठेवतो) चालू सेटमध्ये हात घालू नये, यावर मी वाद ऐकून घेणार नाही.

पहिल्यांदा सप्लाय दिला तो सिरीज बोर्डवरून, म्हणजे वीज आधी १०० वॅटच्या जुन्या पिवळ्या बल्बमधून जाऊन मग सेटला मिळेल अशी जोडणी करून. एलईडी चालत नाही. बल्ब झगझगीत पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे. व्हॉल्व्हच्या सेटमध्ये तो मध्यम उजेड देतच राहतो, ते ठीक. हीटर सगळे एका माळेत असतात, दिवाळीच्या जुन्या तोरणासारखे. एक गेला की सगळे विझतात. आमचे सगळे पेटले, ट्यूबचासुद्धा. एकोणतीस वर्षांनी!

फिल्टर कंडेन्सरचा डबा फुगला होता, तो बदलला. त्याने पडद्याचं काही झालं नाही. मग ईएचटी बनवणाऱ्या भागातल्या पीएल५०४ आणि पीवाय८८ या दोन व्हॉल्व्हच्या आसपास एकेक पार्ट काढून तपासला. दुसऱ्या रविवारी सापडलं. त्याच भागातला बूस्ट कंडेन्सर शॉर्ट होता. पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक सामानाच्या बाजारातून, तापकीर गल्लीतून, हजार व्होल्टचा नवा आणला, मिसळीच्या एका प्लेटपेक्षा स्वस्त पडला. सेट लावला, अर्ध्या मिनिटाने चुरचुर ऐकू आली, आणि मी हात पुढे केला. केस उभे राहिले.

पडद्यावर मात्र नुसत्या मुंग्या. आज अँटेनावर येण्यासारखं जवळजवळ काही उरलेलं नाही, जुनं ॲनालॉग प्रक्षेपण बंद झालं. फ्री डिशच्या बॉक्सची पिवळी-पांढरी वायर मॉड्युलेटरला (बॉक्सचं चित्र अँटेनाच्या चॅनलवर आणणारी डबी), आणि तिथून चपट्या वायरच्या टर्मिनलला ७५ ते ३०० ओहमचा छोटा ट्रान्सफॉर्मर लावून जोडा. मॉड्युलेटर पाल-बी चा, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या प्रक्षेपणाच्या पद्धतीचा, घ्या. अमेरिकन घेतलात तर चित्र लागलं तरी आवाज लागणार नाही.

हल्ली आतलं सगळं काढून एलसीडी बसवतात. तसं करायचं असेल तर माझा सल्ला घेऊ नका. तो मग टीव्हीच्या आकाराचा डबा होतो. आणि सगळे कंडेन्सर एकदम बदलायचेही नाहीत. एक बदला, लावून बघा, मग दुसरा. कॉइलमधले फेराइटचे स्क्रू तर अजिबात फिरवू नका.

हे आधीच लिहायला हवं होतं. मला सोल्डर आणि मीटर दोन्हींची सवय होती, तुम्ही म्हणता तुम्हाला काहीच येत नाही. तर टीव्हीपासून सुरुवात नको. सहा महिने बॅटरीवरच्या ट्रान्झिस्टर रेडिओवर हात बसवा, टीव्ही तोपर्यंत कोरड्या जागी ठेवा. तुमचा सेट १९८० नंतरचा असेल तर व्हॉल्व्ह नसतीलही. मग बीयू२०५ सारखा ट्रान्झिस्टर आणि एलओटी बघायचे, पण पद्धत हीच. खर्च दोष सापडेपर्यंत कुणीच सांगू शकत नाही, आणि झाकण न उघडता आकडा सांगणाऱ्याकडे टीव्ही देऊ नका.

त्या वर्षी भाऊबीजेला दादा-वहिनी आले. मी सह्याद्री वाहिनी लावली आणि शटर उघडलं. दादा बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, तो मेकॅनिक ट्यूब म्हणालाच नव्हता, ‘पिक्चर गेलं’ म्हणाला होता. आजही तो तसंच म्हणतो.

ट्यूबच म्हणाला होता. मी तिथेच उभी होते.