हातात सुरी असताना मुद्रा कशी करायची?

“बोटांच्या मुद्रांनी ताण खरंच जातो का हो?” हा प्रश्न मला वरचेवर येतो. उत्तरादाखल मालवणकडच्या एका मासेविक्रेत्या मावशींची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

यजमानांची होडी समुद्रात आणि फोन रेंजबाहेर गेला की मावशींची छाती धडधडायची, हात कापायचे. सुरमई कापताना बोटच कापलं, तेव्हा सून त्यांना घेऊन आली. आधी थायरॉइड, रक्त, बीपी डॉक्टरांकडून तपासून घेतलं. ही पायरी मी गाळत नाही.

मोबाइलवर बघून त्यांनी ज्ञानमुद्रा, म्हणजे अंगठ्याचं आणि तर्जनीचं टोक जुळवून बसणं, करून पाहिली होती. व्हिडिओत म्हणे रोज पाऊण तास बसायला सांगितलेलं. “म्याडम, हातात सुरी आसताना मुद्रा करूची कशी?”

प्रश्न रास्त होता. अंगठा म्हणजे अग्नी, तर्जनी म्हणजे वायू ही परंपरेतली मांडणी. श्रद्धा असेल त्याने मानावी. माझ्या मते खरं काम करतो तो श्वास. तो लांबवर सोडला की हृदयाचे ठोके मंदावतात. बोटं फक्त भरकटणाऱ्या मनाला जागेवर धरतात.

म्हणून अंगठ्याचं टोक करंगळीला टेकवायचं, तीन आकडे मोजत श्वास घ्यायचा, सहा मोजत सोडायचा. मग अनामिका, मधलं बोट, तर्जनी. पाऊण तास कशाला, पाऊण मिनिटही लागत नाही. हात फारच कापत असतील तर आधी मूठ पाचेक सेकंद घट्ट आवळून सैल सोडायची. स्नायू ताणून सैल सोडण्याची ही पद्धत अमेरिकी डॉक्टर एडमंड जेकबसन यांची, शंभरेक वर्षांपूर्वीची.

सराव मात्र धडधड नसताना करायचा, चुलीवर चहा उकळेपर्यंत. बहुतेकजण नेमके घाबरल्यावर पहिल्यांदा करतात आणि “काही फरक नाही” म्हणून सोडून देतात.

पुढच्या भेटीत मावशींनी करूनच दाखवलं: गिऱ्हाईक बांगड्यांच्या वाट्यावरून घासाघीस करतंय, सुरी बाजूला, उजवा हात पदराखाली, अंगठा एकेका बोटावर सरकतोय. गिऱ्हाइकाला पत्ताच नाही. भावही उतरवला नाही म्हणाल्या!

१ जूनपासून यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी. होडी किनाऱ्याला लागली, धडधड थांबली, पण आता कर्जाच्या हप्त्याने झोप उडाली. तिथे बोटं जुळवून काय होणार? हप्त्यांचा कागद मुलासमोर ठेवायला लावला. घरात दोन दिवस धुसफूस झाली, मग मुलगा त्यांच्यासोबत बँकेत गेला.

छातीत दुखतंय, डाव्या हातात कळ येतेय, दम लागतोय, तर मुद्रा करत बसू नका, डॉक्टर गाठा. झोप आठवडेच्या आठवडे येत नसेल किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.