डंख नसलेल्या माश्यांच्या मधावरून त्या कुठल्या झाडांवर जातात हे कसं ओळखावं?

फोंड्याच्या कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) पोयाच्या (डंख नसलेल्या) माश्यांच्या पेट्या आहेत, मधातले पराग पाहून त्यांची झाडं कळतील का, असं तुम्ही विचारलंय. कळतील, पण अर्धा निकाल मध काढतानाच लागतो.

या माश्या मध आणि पराग वेगवेगळ्या कुप्यांत भरतात, पण कुप्या एकमेकींना चिकटून असतात. पोळं पिळलंत की साठवलेला पराग मधात उतरतो आणि मोजणी फुकट जाते. म्हणून बंद मधकुपीला भोक पाडून सिरिंजने मध ओढा. हा मध पातळ असतो, लगेच आंबतो, फ्रिजमध्येच ठेवा.

10 ग्रॅम मध 20 मिली कोमट डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवा, 40 अंशांच्या वर नको. सेंट्रिफ्यूजवर (नळ्या जोरात फिरवून गाळ तळाशी बसवणारं यंत्र) मिनिटाला 2500 फेऱ्यांनी 10 मिनिटं फिरवा, वरचं पाणी ओतून द्या, नवं पाणी घालून आणखी 5 मिनिटं. तळचा गाळ काचपट्टीवर पसरून वाळवा आणि ग्लिसरीन जेलीत बसवा. मायक्रोस्कोपखाली 400 पट मोठं करून पाहिलं की पुरे. ॲसिटोलिसिसने (ॲसिडने कणाचं फक्त बाहेरचं कवच उरवणारी पद्धत) कणांची नक्षी फार स्वच्छ दिसते, पण त्यातलं ॲसेटिक ॲनहायड्राइड आणि सल्फ्युरिक ॲसिडचं 9:1 मिश्रण पाण्याशी भडकतं. घरी त्याच्या वाटेला जाऊ नका.

खरी मेहनत संदर्भपट्ट्यांची, म्हणजे तुलनेसाठी ओळखीच्या झाडांच्या परागाच्या काचपट्ट्यांची. पेटीपासून अर्ध्या किलोमीटरात जे फुलतं त्या प्रत्येकाची पट्टी हवी, तीही याच पद्धतीची, कारण जेलीत कण फुगतात आणि मापं बदलतात. पराग उमलायच्या बेतातल्या कळीतून घ्या. उघड्या फुलात माश्यांनी दुसऱ्या झाडाचे पराग आणून सांडलेले असतात.

माडाच्या कणाला एकच लांब चीर असते. जांभळाचा कण तिकोनी. लाजाळूचे चार-चार कणांचे इवलेसे पुंजके, ऑस्ट्रेलियन बाभळीचे सोळा-सोळांचे. काजू आणि आंबा एकाच कुळातले, दोघांनाही तीन चिरा. तिथे पट्टी शेजारी ठेवल्याशिवाय नाव लिहू नका.

किमान 300 कण मोजा. 45 टक्क्यांच्या वर असेल तो प्रमुख पराग. मात्र लाजाळू 60 टक्के निघाली म्हणून मध लाजाळूचा ठरत नाही. तिच्याकडे माश्या परागासाठी जातात, आणि कण इतके बारीक की मोजणीत भाव खाऊन जातात. गवताचा पराग तर वाऱ्यानेही येतो.

फक्त परागाची झाडं हवी असतील तर मधाची गरजच नाही: सकाळी पेटीच्या तोंडाशी परतणाऱ्या माशीच्या पायावरची गोळी ब्रशने काढून थेट पट्टीवर घ्या. नमुने मात्र दर महिन्याला हवेत. काजूच्या मोहरातली पट्टी पावसाळ्याबद्दल काही सांगत नाही.