वारा बघून रस्ता धरा : सायकलवाल्या वाचकांची पत्रं

पाऊस उघडायला लागला की आमच्याकडं सायकलीची पत्रं वाढतात. या वेळी बहुतेकांचं म्हणणं एकच आहे, हायवेला कंटाळलो, आता गावाकडचे चढउताराचे रस्ते सांगा. जागा आहे तेवढी उत्तरं देतेय.

प्रश्न : मी बीडला शिक्षक आहे, वय 46. आठ महिन्यांपूर्वी गिअरची हायब्रीड सायकल घेतली, रोज बायपासला 20-25 किलोमीटर होतात. पण ट्रक अगदी अंगाला घासून जातात, धूळ तर विचारूच नका, आणि रस्ता नुसता सरळ. रविवारी जरा लांब जायचंय. मांजरसुंब्याचा घाट मला झेपेल का? – एक वाचक, बीड

उत्तर : सर, झेपेल. रोज 25 किलोमीटर होतात म्हणजे पाय तयार आहेत, आता फक्त घाईला आवरायचंय. तुम्ही राहता तिथून बालाघाटाचे डोंगर हाकेच्या अंतरावर आहेत आणि बायपासवर चकरा मारताय याचं मला मनापासून वाईट वाटलं.

पहाटे साडेपाचला निघा, पालीपर्यंत अंधार सरतो आणि उजाडताना बिंदुसरा धरणाचं पाणी दिसायला लागतं. तिथं दोन मिनिटं थांबा, कारण पुढं चढ आहे. घाट हायवेवरच आहे हे खरं, पण सकाळी साडेसहाच्या आत चढलात तर जड गाड्या कमी असतात. पांढऱ्या पट्टीच्या आतच चालवा, पण अगदी काठाला चिकटून नाही, हातभर जागा ठेवा म्हणजे खड्डा आला तर चुकवता येतो. चढ सुरू झाल्यावर गिअर बदलू नका, आधीच बदला. पाय जड झाल्यावर बदलायला गेलं की चैन कडकड करते नि कधी कधी उतरते. पुढची सगळ्यात लहान चकती, मागची सगळ्यात मोठी, आणि मिनिटाला 70 च्या आसपास पायडल फिरत राहील इतकाच जोर. बोलता येतंय तोवर ठीक चाललंय, बोलताना धाप लागली की वेग कमी करा, उतरून चालावं लागलं तरी काही बिघडत नाही.

मांजरसुंब्याच्या चौकात पोचलात की खरा प्रश्न येतो, उजवीकडं पाटोदा का डावीकडं नेकनूर-केज. हे मी वाऱ्यावर ठरवते. पावसाळ्यात, म्हणजे सप्टेंबर संपेपर्यंत, आपल्याकडं वारा पश्चिमेकडून नि नैऋत्येकडून येतो, आणि पठारावर तो जोरात असतो कारण अडवायला काहीच नाही. तेव्हा पाटोद्याकडं जावं, जाताना वारा तोंडावर घ्यावा कारण तेव्हा अंगात ताकद असते, येताना तोच वारा पाठीवर येतो नि दमलेल्या पायांना घरी आणून सोडतो. दिवाळीनंतर वारा फिरतो, ईशान्येकडून-पूर्वेकडून यायला लागतो, तेव्हा नेकनूरची बाजू धरावी. सुरुवातीला हे मला कुणी सांगितलं नव्हतं. एका जानेवारीत पाठवाऱ्यावर पाटोद्याकडं मजेत गेले, वाटलं आज काय फॉर्म आहे आपला, आणि परत येताना सपाट रस्त्यावर ताशी 13 च्या वर काटा जाईना, मांजरसुंबा येईपर्यंत दोन्ही बाटल्या रिकाम्या झाल्या होत्या.

पाटोद्याच्या रस्त्याला लागल्यावर तुम्हाला पाहिजे ते मिळेल. एक टेकाड चढायचं, पलीकडं उतरायचं, खाली ओढ्यावरचा पूल, पुन्हा चढ. उताराचा वेग ब्रेक मारून घालवू नका, पुलावर खड्डा नाही हे लांबूनच बघून ठेवा म्हणजे त्याच वेगात पलीकडचा अर्धा चढ निघून जातो. वाटेवर नायगावचं मयूर अभयारण्य लागतं, सकाळी सातच्या आसपास तिथं मोरांचं केकाटणं ऐकू येतं नि सायकलला आवाज नसल्यामुळं मोर कधी कधी चक्क रस्त्यावर उभा असतो. तुम्ही घंटी वाजवू नका, तो आपला आपण जातो. पुढं कधी पूर्ण दिवस काढलात तर सौताड्यापर्यंत जा, विंचरणा नदी तिथं दरीत उडी घेते, खाली रामेश्वराचं देऊळ आहे. पाऊस झालेला असला तरच त्या धबधब्यात जीव असतो, हे मात्र आधी विचारून घ्या.

दसऱ्याच्या आसपास या रस्त्यांना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एक, सोयाबीन. शेतकरी डांबरावर वाळायला घालतात, अर्धा रस्ता भरलेला असतो. त्यावरून सायकल घालू नका, दाणे टायरखाली बारीक गोळ्यांसारखे फिरतात नि चाक सटकतं, आणि ते कुणाचं तरी वर्षाचं धान आहे. उतरा, कडेनं हातात धरून न्या. दुसरी गोष्ट ऊसतोडीच्या गाड्या. पाटोदा, शिरूर कासार, धारूर या भागातून माणसं कारखान्यांकडं निघतात, ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, वर भांडीकुंडी, पत्रे, गोधड्या, शेळी आणि त्यात पोरं बसलेली. असा ट्रॅक्टर मागून आला तर सरळ रस्ता सोडून थांबा, त्याला ब्रेक मारायला लावू नका. एकदा अशीच थांबले होते तर ट्रॉलीतल्या एका मुलीनं माझ्या हेल्मेटकडं बोट दाखवून आईला काहीतरी विचारलं, आणि वळण येईपर्यंत हात हलवत राहिली. सर, तुमच्या शाळेतही त्या महिन्यात काही बाकं रिकामी होत असतील, तुम्हाला मी वेगळं काय सांगणार.

खायची चिंता नाही. त्याच दिवसांत बायका रस्त्याकडंला पाट्या घेऊन सीताफळं विकतात. बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये जीआय मानांकन मिळालंय, पण रस्त्यावर त्याचं नाव अजूनही नुसतं सीताफळच आहे. डोळे उघडलेलं, बोटानं दाबलं तर किंचित दबणारं घ्या, तिथंच खा. पाणी मात्र तासाला निदान अर्धा लिटर, त्यात चिमूटभर मीठ नि साखर.

प्रश्न : पुढच्या वर्षी 200 किलोमीटरची ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांबची सायकलफेरी) करायचीय. तयारीसाठी संभाजीनगरहून म्हैसमाळ कसं आहे? – एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : यापेक्षा चांगला सराव तुम्हाला घराजवळ मिळणार नाही. शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे-सहाशे मीटरवर, म्हैसमाळ 1067 मीटरवर, आणि अंतर साधारण 40 किलोमीटर. म्हणजे जाऊन-येऊन 80, त्यात दौलताबादचा घाट, मग कागजीपुरा, जिथं हातकागद बनवतात, मग खुलताबाद, आणि तिथून वर शेवटची डझनभर किलोमीटर. 200 च्या ब्रेव्हेला साडेतेरा तास मिळतात, म्हणजे थांबे धरून ताशी 15 पेक्षाही थोडा कमीच वेग लागतो. म्हणून म्हैसमाळला वेगाचा सराव करू नका, थांबे कमी करण्याचा करा. बहुतेकांचा वेळ चढात जात नाही, टपरीवर जातो.

दौलताबादला किल्ल्याच्या तटबंदीतल्या दरवाजातून रस्ता जातो, तिथं एका वेळी एकच मोठी गाडी मावते, समोरून बस येत असली तर अलीकडंच थांबा. श्रावणात शनिवारी भद्रा मारुतीला लोक शहरातून रात्रभर पायी चालत जातात नि सोमवारी घृष्णेश्वराची गर्दी, ते दोन दिवस हा रस्ता सायकलनं धरूच नका, तो तेव्हा चालणाऱ्यांचा आहे. उतरताना ब्रेक धरून ठेवायचा नाही, दाबा-सोडा, दाबा-सोडा, दोन्ही मिळून.

प्रश्न : आठवड्याला दोन पंक्चर! टायर नवीन आहे. आणि मॅपनं एकदा शॉर्टकट दाखवला तो चिखलात नेऊन सोडला. – एक वाचक, जिंतूर

उत्तर : तुमचा काटा बहुतेक अजून टायरमध्येच आहे. बाभळीच्या काट्याचं टोक मोडून रबरात राहतं, बाहेरून दिसत नाही, नवीन ट्यूब टाकली की ती पण जाते. टायर काढून आतून कापसाचा बोळा फिरवा, जिथं धागा अडकेल तिथं काटा. बोटानं चाचपू नका, रक्त निघतं. आणि टायर चढवताना त्यावरचं कंपनीचं नाव नेहमी व्हॉल्वच्या समोर आणा, म्हणजे ट्यूबला भोक कुठं आहे त्यावरून टायरमधली जागा लगेच सापडते. पावसाळा सरला की रस्त्याच्या कडेला सराट्यांचे काटे पसरतात, म्हणून गाडीला जागा देताना मातीत उतरायची वेळ आली तर उचलून उतरवा नि वर आल्यावर टायर बघून घ्या. बारीक तोंडाचा व्हॉल्व असेल तर गावातल्या हवेच्या पंपाला तो बसत नाही, पितळी अडॅप्टर येतो, दोन जवळ ठेवा. जादा ट्यूब तर लागतेच, आपल्या सायकलची ट्यूब खेड्यातल्या दुकानात मिळत नाही.

मॅपवरचा तो शॉर्टकट म्हणजे पाणंद, शेतातली कच्ची वाट, असणार. पाऊस पडून गेल्यावर चार-पाच दिवस पाणंदीत जायचं नाही. काळी माती चाकाला गुंडाळते, ब्रेकमध्ये भरते आणि चाक फिरायचंच थांबतं, मग खांद्यावर उचलूनच न्यावी लागते. निघायच्या आधी गावातल्या कुणाला तरी विचारा, "काका, पुढं डांबर आहे का?" एवढं पुरतं.

प्रश्न : ताई, मी लातूरला कॉलेजला आहे. मैत्रीण नि मी दोघी चालवतो. आई लांब जाऊ देत नाही. चढउतार असलेला, फार आडबाजूचा नसलेला रस्ता सांगा ना. – एक वाचक, लातूर

उत्तर : आधी औसा. 20 किलोमीटर, रस्ता वाहता आहे, दुकानं आहेत, भुईकोट किल्ला बघायचा नि परत. दोन-तीनदा असं झालं की औशाच्या पुढं निलंग्याच्या रस्त्याला खरोसा, तिथं टेकडीत कोरलेली लेणी आहेत, लातूरहून एका बाजूनं 40-45 पडतं. आईची काळजी खोटी नाही, तिच्याशी भांडू नकोस. खरोशाला पहिल्यांदा जाताना तिलाच स्कुटीवर मागं येऊ दे, रस्ता, माणसं, टपऱ्या सगळं तिच्या डोळ्यांनी बघू दे. फोनवर लाईव्ह लोकेशन चालू ठेव, मागचा लाल दिवा दिवसासुद्धा लाव, आणि कुत्रं मागं लागलं तर पळवू नकोस, उतरून सायकल मधे धर नि ओरड, ते थांबतं. नऊच्या आत लेण्यांपाशी पोचा, डबा तिथंच खा, उन्हं चढायच्या आत परत फिरा.