खान्देशात फिरताना शहराचे आणि निसर्गाचे चांगले फोटो काढायला जागा कशा शोधाव्यात?

मी आधी नकाशाचा सॅटेलाइट व्ह्यू उघडतो आणि दोनच गोष्टी बघतो: शहराजवळची टेकडी किंवा किल्ला, आणि पाणी. धुळ्याजवळ मुंबई-आग्रा महामार्गाला लागून लळिंगचा किल्ला आहे. धुळे त्याच्या उत्तरेला, म्हणजे मावळतीचा उजेड शहरावर बाजूने पडतो आणि सूर्य लेन्समध्ये घुसत नाही. सूर्य बुडाल्यावर लगेच बॅग भरू नका. पुढच्या वीस-पंचवीस मिनिटांत आकाश गडद निळं होतं आणि खाली महामार्गावर गाड्यांच्या दिव्यांची रेघ दिसू लागते. ट्रायपॉड, दहा-पंधरा सेकंदांचं एक्स्पोजर (शटर तेवढा वेळ उघडं), काम झालं. उतरायला टॉर्च मात्र हवीच. मी एकदा मोबाइलच्या उजेडात उतरलो आणि गुडघा फोडून घेतला.

जळगावात उंच म्हणावी अशी महापालिकेची सतरा मजली इमारतच. मेहरूण तलावाला पहाटे जा, वारा नसला की पाणी आरसा होतं.

निसर्गासाठी सातपुड्यातलं तोरणमाळ (सीताखाई दरी, यशवंत तलाव) आणि चाळीसगावजवळचं पाटणादेवीचं जंगल. तापी-पूर्णेचा संगम चांगदेवला.

एप्रिल-मेमध्ये धुरकट हवेत लांबचं सगळं पांढरट येतं, वर ऊन असं की कॅमेरा हातात धरवत नाही. पाऊस उघडल्यावर, सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर या. आणि दुपारीच पोचून चहाच्या टपरीवर विचारा, 'भाऊ, वर जायला वाट कुठून?' नकाशात नसलेली पायवाट तिथेच कळते.