सामायिक जहाज की सामायिक वेळापत्रक?

प्रश्न : पॅसिफिकमधली किरिबाटी, तुवालू, नौरू अशी चिमुकली राष्ट्रे मिळून एकच जहाज का घेत नाहीत? आपल्या कोकण बोटीसारखे ते सगळ्या बंदरांना लागले, तर भाडे उतरणार नाही का?
(एक निवृत्त वाचक, गिरगाव)

उत्तर : हा प्रयोग झालेला आहे. १९७७ साली पॅसिफिकमधल्या देशांनी मिळून पॅसिफिक फोरम लाइन ही कंपनी काढली. पहिली काही वर्षे ती तोट्यात गेली. भांडवल अपुरे होतेच, पण मूळ अडचण त्याहून खोल असते. जहाज सामायिक झाले की ते आधी आपल्याकडे लागावे, असे प्रत्येक देशाला वाटते. इकडे जहाज नुसते नांगर टाकून उभे असले, तरी खलाशांचा पगार, विमा आणि जनरेटरचे डिझेल चालूच राहते.

आम्हाला दुसरी वाट अधिक पटते. २०१० मध्ये किरिबाटी, मार्शल बेटे, नौरू आणि तुवालू यांनी सेंट्रल पॅसिफिक शिपिंग कमिशन स्थापन केले. अशा व्यवस्थेत जहाजे खासगी कंपन्यांचीच राहतात. बंदरांत येण्याची परवानगी मात्र चौघे मिळून देतात आणि तिला सेवेच्या अटी जोडतात.

हिशेब करून पाहा. समजा, चार बेटांची महिन्याची आवक १००, ६०, ३० आणि २० कंटेनर, म्हणजे एकूण २१० आहे. दोन कंपन्यांनी महिन्याला २०० कंटेनरची एकेक फेरी लावली, तर ४०० जागांपैकी १९० रिकाम्या जातील. दोघींचा डोळा पहिल्या दोन बेटांवर राहील. वीस कंटेनरांसाठी दीड दिवस वाट वाकडी करणे परवडत नाही, म्हणून चौथे बेट वगळले जाईल. त्याऐवजी एकाच कंपनीने १२० कंटेनरचे जहाज दर पंधरवड्याला सोडले, तर प्रत्येक फेरीला १०५ जागा भरतात. मग ‘एक फेरी सोडून दुसऱ्या फेरीला चौथे बेट घेतलेच पाहिजे’ ही अट घालता येते.

यातून मक्तेदारी येते, ही भीती रास्त आहे. म्हणून परवाना ठरावीक मुदतीचा हवा, इंधनाच्या दराशी भाडे जोडणारे सूत्र करारातच लिहिलेले हवे आणि चुकलेल्या फेरीला दंड हवा. व्यवस्था मोडते ती बहुधा आतूनच : मोठ्या बंदराचा देश बाहेरच्या स्वस्त जहाजाला परस्पर आत घेतो, आणि उरलेल्या तिघांसाठी फेरी परवडेनाशी होते.

भाडे उतरेल, पण फार नाही. येताना भरलेले कंटेनर जाताना थोडे खोबरे आणि मासळी सोडली तर रिकामेच जातात. परतीचा खर्च आयातीवरच पडतो, आणि तो कोणत्याही कराराने नाहीसा होत नाही.

कोकण बोटीची आठवण मात्र नेमकी आहे. वेंगुर्ल्याला बोट खोल पाण्यात थांबे आणि उतारू पडावातून किनाऱ्याला येत. नौरूला कित्येक दशके कंटेनर असेच उतरत : जहाज बोयांना बांधायचे, त्याच्याच क्रेनने कंटेनर तराफ्यावर ठेवायचा. म्हणजे जहाजाला स्वतःची क्रेन हवीच. लाटा वाढल्या की काम थांबते आणि पुढच्या प्रत्येक बंदराची तारीख घसरते. वेळापत्रकात दर फेरीला दोन दिवस मोकळे ठेवले नाहीत, तर ते कागदावरच राहते.

प्रश्न : आम्ही मालदीवला कांदा पाठवतो. न्हावा शेवाहून निघालेला माल कोलंबोत अडकतो आणि सडतो. काय करावे?
(एक व्यापारी, वाशी)

उत्तर : कोलंबोला पुढचे छोटे जहाज चुकले की माल पुढच्या फेरीपर्यंत पडून राहतो. बंद पेटीत कांद्याला घाम सुटतो आणि छतावरून ठिबकणाऱ्या पाण्याने वरची पोती आधी कुजतात. हवा खेळणारा किंवा रीफर (माल थंड ठेवणारा) कंटेनर मागा, पोती भिंतीपासून सुटी ठेवा, ओला कांदा भरूच नका. बुकिंग करतानाच दोन जहाजांमध्ये किती दिवसांचे अंतर आहे ते लेखी घ्या. फक्त सुटण्याच्या तारखेवर विसंबू नका.

सप्टेंबर २०२० मध्ये तुतिकोरिन–कोची–कुल्हुधुफुशी–माले अशी थेट मालवाहू सेवा भारतीय नौवहन महामंडळाने सुरू केली. २०० कंटेनर आणि ३,००० टन सुटा माल अशी त्या जहाजाची क्षमता होती. कुल्हुधुफुशीचा थांबा महत्त्वाचा, कारण उत्तरेकडच्या बेटांचा माल आधी मालेला नेऊन पुन्हा उलटा आणावा लागत नाही. अशी थेट फेरी मिळत असेल, तर कोचीपर्यंत ट्रकने माल नेण्याचा खर्च धरूनही तुलना करून पाहा.

प्रश्न : बेटे जुनी, स्वस्त जहाजे घेतात. त्यांची तपासणी कोण करते?
(एक वाचक, अलिबाग)

उत्तर : दुबळी बाजू हीच आहे. रेवसला निघालेली ‘रामदास’ १७ जुलै १९४७ रोजी बुडाली, आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. टोंगामध्ये ५ ऑगस्ट २००९ रोजी ‘प्रिन्सेस आशिका’ बुडाली, तेव्हा ७४ जण दगावले. १९७२ मध्ये बांधलेले ते जहाज टोंगाने नुकतेच घेतले होते, आणि चौकशीत ते समुद्रात जाण्यास अयोग्य ठरले. देशांतर्गत फेऱ्यांना सोलास हा आंतरराष्ट्रीय सुरक्षा करार बहुतांशी लागू होत नाही, आणि दहा-बारा हजार वस्तीच्या देशाला पूर्णवेळ सर्वेक्षक पोसणे जड जाते. चार देशांनी दोन सर्वेक्षक मिळून नेमावेत आणि एकाने नाकारलेले जहाज चौघांनीही नाकारावे. खरेदीचे पैसे देण्यापूर्वी जहाज गोदीत चढवून तळाच्या पत्र्याची जाडी अल्ट्रासोनिक यंत्राने मोजायची. मालाच्या डेकवरची दारे पाण्याचा फवारा मारून तपासायची. डेकवरचे पाणी बाहेर सोडणारी भोके रंगाने किंवा गंजाने बुजलेली नाहीत ना, तेही पाहायचे.