‘कच्ची घानी’ म्हणजे नक्की कच्चे काय?

प्रश्न असा आहे: दुकानातून ‘कच्ची घानी’ लिहिलेली तेलाची बाटली आणली, तर सासूबाई म्हणाल्या, “कच्चं तेल कशाला आणलंस? पक्कं आण.” मग यात कच्चे काय, घाणी की तेल? आणि लाकडी घाण्याचे, फिल्टर, रिफाइंड यांतले घ्यावे कोणते?

सासूबाईंनी घेतलेला अर्थ मराठीत रुळलेलाच आहे. कच्चा आंबा, कच्चा रस्ता, कच्चा लिंबू, सगळीकडे काहीतरी पुरे व्हायचे राहिलेले असते. पण ठेचा वाढताना त्याच म्हणत असतील, “वरून थोडं कच्चं तेल घाल.” तिथे कच्चे म्हणजे विस्तव न लागलेले. ‘कच्ची घानी’तला कच्चेपणा हा असा आहे. हा शब्दप्रयोग हिंदीतून, मोहरीच्या तेलासोबत आला. म्हणून ‘न’ तसाच राहिला. आपला शब्द घाणा.

मोहरीच्या बाबतीत हे विशेषण फार नेमके आहे. मोहरीचा नाकात जाणारा झणका दाण्यात तयार नसतो. दाणा ओलाव्यात रगडला की त्यातले विकर (एन्झाइम) कामाला लागते आणि झणका निर्माण होतो. उष्णता वाढली की ते विकर मरते. म्हणून ॲगमार्कच्या प्रतवारीत कच्च्या घाणीच्या मोहरी तेलात हा झणकेदार अंश 0.25 ते 0.60 टक्के असावा लागतो. शेंगदाण्यात असे काही नाही. त्याच्या डब्यावर हे शब्द दिसले, तर कमी उष्णतेत काढलेले तेल एवढेच समजावे.

घाणा हा शब्द मात्र मला फार आवडतो. उखळात लाट, म्हणजे जाड दांडा, फिरवून तेल काढायचे ते यंत्र घाणा, गडावर दगडी चाक फिरवून चुना मळायचा तो चुन्याचा घाणा, लग्नाआधी मुसळ धरून भरतात तो घाणा, आणि कढईत एका वेळी सोडलेल्या भज्यांचाही घाणाच! तेल काढण्यापासून तळण्यापर्यंत एकच शब्द पुरतो. आता बैल गेला, मोटार आली. उखळ आणि लाट लाकडाची असली की ‘लाकडी घाणा’ म्हणतात.

आमच्या गल्लीतल्या घाण्यावरून करडेल आणते, तेव्हा ते गढूळ असते. तिसऱ्या दिवशी डब्याच्या तळाशी बोटभर साका बसतो आणि वरचे तेल निवळते. हा साका यंत्राने गाळून काढला की झाले ‘फिल्टर’, दोनदा गाळले की ‘डबल फिल्टर’. वास, रंग, चव जागेवर राहतात. (करडेल, खोबरेल, एरंडेल यांतला ‘एल’ म्हणजे त गळालेले तेलच.)

रिफाइंड म्हणजे गाळणे नव्हे, तिथे बरेचजण फसतात. त्यात क्षाराने आम्लता काढतात, विशेष मातीतून रंग उतरवतात आणि निर्वातात 200 अंशांच्या वर वाफ सोडून वास घालवतात. उरते ते बिनवासाचे, उशिरा धुरावणारे तेल. ‘शुद्ध’ हा शब्द दोन्ही प्रकारच्या डब्यांवर असतो, त्यावरून प्रत कळत नाही.

माझ्या घरी चटणी, ठेचा, भाकरी आणि रोजच्या फोडणीला घाण्याचे शेंगदाणा तेल. दिवाळीत चकल्यांचे घाण्यावर घाणे काढायचे असतात, तेव्हा रिफाइंड. तुम्हीही घाणेवाल्याला “शुद्ध आहे का?” विचारण्यापेक्षा “दाणे भाजून घेतले होते का? तेल गाळलंय की नुसतं निवळलंय?” असे विचारा. आणि महिन्याला पुरेल एवढेच आणा. साका असलेले तेल उन्हाळ्यात लवकर खवट होते.