पुण्याला समुद्र नाही, मग जुन्या काळी इथला माल कुठल्या बंदरातून जायचा?

मुख्यतः कल्याण, सोपारा आणि चौल. तेव्हा पुण्यापेक्षा मोठी पेठ होती जुन्नर, तिथून बैलांवर लादलेला माल नाणेघाटाने खाली कोकणात उतरायचा आणि कल्याणच्या खाडीतून पुढे समुद्रात. घाटाच्या तोंडाशी सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी शिलालेख आहे आणि एक मोठा दगडी रांजण, जकात त्यातच टाकायचे असं सांगतात.

पण मला खरं बोलायचंय चौलबद्दल, कारण आपण पुणेकर अलिबागला जातो आणि शेजारचं चौल-रेवदंडा बघतच नाही! कुंडलिका नदीच्या मुखाशी असलेलं हे बंदर ग्रीक व्यापाऱ्यांना माहीत होतं, 10व्या शतकात अरब प्रवासी मसूदी इथे येऊन गेला, आणि 1469 च्या सुमारास अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी विकायला घोडा घेऊन चौलला उतरला, घाट चढून थेट जुन्नरला आला आणि अख्खा पावसाळा तिथेच काढला. घोडाच का, तर दख्खनच्या सुलतानांना घोडदळासाठी चांगले घोडे बाहेरूनच आणावे लागायचे, त्यामुळे भाव जबरदस्त मिळायचा. इथून कापड बाहेर जायचं.

पुढे पोर्तुगीजांनी रेवदंड्याला किल्ला बांधला, 1740 मध्ये तो मराठ्यांकडे आला. मग मुंबई वाढली, 1830 ला बोरघाटात गाडीरस्ता झाला, 1863 ला रेल्वे, आणि घाटावरचा सगळा माल तिकडे वळला. ताम्हिणीमार्गे रेवदंडा सहज होतं, तटबंदी अजून उभी आहे, जाऊन याच.